स्वसंरक्षणाची नुरा कुस्ती

"कराटे लावू की क्राव्ह मगा?" हा प्रश्न हल्ली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सीबीएसई की स्टेट बोर्ड?"च्या खालोखाल विचारला जातो. विचारणारी बहुतेक वेळा एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलीची आई असते, नाहीतर नुकतीच नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला आलेली आणि रात्री साडेदहाला ऑफिसातून निघणारी कोणीतरी. लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, कराटेच लावा. शिस्त येते, परंपरा आहे, ब्लॅक बेल्ट मिळतो. दुसरी म्हणते, छे हो, रस्त्यावर गुंड आला तर काय त्याच्यासमोर काता करून दाखवणार? इस्रायली लष्कर शिकतं ते शिकवा, दोन दिवसांत काम होतं.

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही पार्ट्या चुकीच्या रेषेवर भांडतायत. 'पारंपरिक' विरुद्ध 'प्रॅक्टिकल' ही विभागणीच मुळात फारशी कामाची नाही. हा नुसता शब्दांचा वाद असता तर सोडून दिलं असतं. पण इथे कोणीतरी आपल्या अंगावरचा हल्ला परतवता येईल या भरवशावर पैसे आणि वेळ घालत असतं. भरवसा खोटा निघाला तर किंमत क्लासवाला देत नाही.

आधी ती 'परंपरा' जरा तपासून बघू. कराटे ओकिनावा बेटावरचं. फुनाकोशी गिचिन यांनी ते टोकियोत दाखवलं १९२२ मध्ये. ब्लॅक बेल्ट तर मूळचा कराटेचा नाहीच, तो ज्युदोतून आला आणि ज्युदोतही १८८० च्या दशकात. रंगीत पट्टे त्याहूनही नंतरचे. 'तायक्वांदो' हे नाव १९५५ चं. दुसरीकडे ज्याला आपण 'मॉडर्न' म्हणतो त्या क्राव्ह मगाचे जनक इमी लिख्टेनफेल्ड १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यू वस्तीवरच्या हल्ल्यांना तोंड देत होते आणि १९४० च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये इतरांना शिकवत होते. म्हणजे टोकियोतलं कराटे आणि क्राव्ह मगा यांच्यात जेमतेम वीस वर्षांचं अंतर. एक परंपरा आणि दुसरं आधुनिक, हे बरंचसं पांढऱ्या गणवेशावर आणि काळ्या टी-शर्टवर ठरतं :)

मग खरी रेषा कुठली? त्यासाठी आपल्याकडेच एक छान शब्द आहे: नुरा कुस्ती. कुस्तीच्या शौकिनांना तो आखाड्यामुळे माहीत असतो, बाकीच्यांना राजकारणामुळे. कोण पडणार हे आधीच ठरलेली कुस्ती. लांबून बघणाऱ्याला सगळं खरंच वाटतं. डाव पडतात, धूळ उडते, टाळ्या वाजतात. फक्त समोरचा मनापासून लढत नसतो.

कुठल्याही प्रशिक्षणाला माझा पहिला प्रश्न हाच आहे: इथे समोरचा खरंच लढतो का?

आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर हा 'हॅपी पाथ'चा प्रश्न आहे. युजर आपल्याला हवं तेच टाइप करणार, नेटवर्क कधीच जाणार नाही, सर्व्हर वेळेवर उत्तर देणार, असं गृहीत धरून टेस्ट केलेला प्रोग्रॅम डेमोत झक्क चालतो. प्रोडक्शनमध्ये पहिल्याच दिवशी झोपतो. गंमत म्हणजे लिहिणाऱ्याने फसवलेलं नसतं. त्याचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास असतो.

जपानमध्ये यानागी र्‍युकेन नावाचे एक गुरू होते. हात न लावता, नुसत्या 'की'च्या म्हणजे प्राणशक्तीच्या जोरावर शिष्यांना पाडायचे. दहा-दहा शिष्य एकदम धावून यायचे आणि हवेत हात फिरवला की कोलांट्या खात पडायचे. २००६ मध्ये त्यांनी पैज लावून एका खऱ्या फायटरला समोर घेतलं. तो पडला नाही. त्याने सरळ ठोसे मारले आणि थोड्याच वेळात वृद्ध गुरुजींचं नाक-तोंड रक्ताने भरलं. तो व्हिडिओ बघताना हसू येत नाही, वाईट वाटतं. कारण तो माणूस भोंदू असता तर पैज लावून स्वतः रिंगणात उतरलाच नसता. इतकी वर्षं शिष्य पडत राहिले, म्हणून त्याचाही विश्वास बसला. नुरा कुस्तीत कधीकधी जिंकणाऱ्यालाच माहीत नसतं की ती नुरा आहे.

याच्या अगदी उलट उदाहरणही जपानमधलंच. कानो जिगोरो हा शिक्षकी पेशातला माणूस. जुजुत्सूच्या दोन जुन्या घराण्यांत शिकला आणि १८८२ मध्ये त्याने कोदोकान ही स्वतःची शाळा काढली. त्याने जुजुत्सूतले सगळ्यात घातक प्रकार, म्हणजे मर्मावरचे प्रहार वगैरे, रोजच्या मोकळ्या लढतीतून काढून फक्त कातामध्ये ठेवले. ऐकायला विचित्र वाटतं. लढाईची कला शिकवायची आणि त्यातलं सगळ्यात धोकादायक तेच बाजूला ठेवायचं?

पण विचार करा. डोळ्यात बोट घालायचा सराव पूर्ण ताकदीने करता येतो का? दर आठवड्याला एक सहकारी आंधळा करावा लागेल. मग तो सराव हळूहळू, हवेत, समोरच्याच्या संमतीने करावा लागतो. म्हणजे नुरा. याउलट फेकणं, दाबून धरणं, या गोष्टी पूर्ण जोर लावून, समोरचाही पूर्ण जोर लावत असताना, हजारो वेळा करता येतात. कानोच्या शाळेत या मोकळ्या लढतीला 'रांदोरी' म्हणतात. जे कमी घातक होतं तेच लोकांच्या अंगात भिनलं, कारण त्याचा सराव खरा होता. "आमची विद्या इतकी जीवघेणी आहे की तिचा सराव करता येत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याचा सरळ अर्थ "आमची विद्या टेस्ट केलेली नाही" असा घ्यावा. हे जुन्या घराण्याच्या गुरुजींना जितकं लागू, तितकंच "डोळे, गळा, जांघ, बस्स!" म्हणणाऱ्या क्रॅश कोर्सवाल्यांनाही.

ज्युदोची एक शाखा पुढे मित्सुयो माएदाबरोबर ब्राझीलला गेली, ग्रेसी कुटुंबाने ती आपलीशी केली, आणि १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली. चावायचं नाही आणि डोळे फोडायचे नाहीत, बाकी जवळजवळ सगळं चालेल, असा मामला. त्यात अंगाने बेताच्या रॉइस ग्रेसीने एकाच रात्रीत तिघांना हरवलं. तिन्ही लढती मिळून वेळ लागला साधारण पाच मिनिटं. त्यानंतर जगभर अनेक शैलींचे फुगे फुटले. मात्र त्या रात्री जिंकलेली शैली तरी कुठे 'आधुनिक' होती? मूळ ज्युदोच, आणि ज्युदोच्याही मागे जुजुत्सू. टिकलं ते रोज खऱ्या विरोधात घासलेलं म्हणून टिकलं.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? कोल्हापूरच्या तालमीत चला. कुस्तीपेक्षा पारंपरिक काय असणार? लाल माती, वस्ताद, मारुतीची तसबीर, पहाटेच्या जोर-बैठका. पण लढत सुरू झाली की समोरच्या पैलवानाला मनापासून पडायचं नसतं. धोबीपछाड मारायचा तर तो जागेवर उभा राहून वाट बघत नाही. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते याच मातीतून मॅटवर गेले होते. तालमीत दोन वर्षं घालवलेल्या पोराला रस्त्यावर कोणी धरलं तर काय करायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. धरलं जाणं ही त्याची रोजचीच गोष्ट असते. 'पारंपरिक म्हणजे कुचकामी' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरा पुढ्यात ठेवावं.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळू. डिसेंबर २०१२ नंतर आपल्याकडे ऑफिसांमधून स्वसंरक्षणाच्या कार्यशाळांचं पीक आलं. मी आजवर अशा तीन केल्या आहेत. त्यातली एक नमुन्यादाखल सांगते. आठ मार्च, कॉन्फरन्स रूममधली टेबलं भिंतीला लावलेली, गुलाबाचं फूल, कपकेक आणि काळ्या टी-शर्टातले एक ट्रेनर. दोन तासांत नऊ 'टेक्निक्स'. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने असा झटका द्यायचा, सुटलात! सगळ्याजणी जोड्या करून झटके देत होत्या आणि सुटत होत्या. माझी जोडीदार आमच्या टेस्टिंग टीममधली. दर रविवारी सिंहगड चढणारी, हाताची पकड अशी की बाटलीची झाकणं उघडायला सगळे तिच्याकडे जातात. आणि मुळात टेस्टर! तिने माझं मनगट खरंच धरलं. मी झटका दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला, तेव्हा तिने दुसरा हातही धरला. ट्रेनर आले आणि तिला म्हणाले, "मॅडम, एवढं घट्ट नाही धरायचं. शिकतोय ना आपण."

ट्रेनर माणूस चांगला होता. सुरुवातीला हळू शिकवावं लागतं हेही खरं. पण दोन तास संपले तरी 'घट्ट धरायची' वेळ आलीच नाही. शेवटी ग्रुप फोटो, सर्टिफिकेट आणि "आता तुम्ही कोणालाही घाबरायचं कारण नाही" हे वाक्य. माझा राग त्या वाक्यावर आहे. ज्या मुलीने आयुष्यात एकदाही विरोध करणाऱ्या माणसाशी झटापट केलेली नाही, तिला हे सांगणं म्हणजे पोहायला न शिकवता लाइफगार्डचा बिल्ला लावून देणं. क्राव्ह मगाचा यात दोष नाही. लिख्टेनफेल्ड स्वतः कुस्तीगीर आणि बॉक्सर होते, त्यांनी आधी खऱ्या लढती खेळल्या आणि मग सोपं करून शिकवलं. आपण तो 'आधी'चा भाग गाळून फक्त 'सोपं' तेवढं घेतलं.

मी कॉलेजात असताना दोन वर्षं ज्युदो केलं. पहिला महिनाभर आम्हाला फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटायचा, गोल व्हायचं. खऱ्या आयुष्यात मला आजवर ज्युदोतलं एवढंच वापरावं लागलंय, तेही पावसाळ्यात कर्वे रोडवर स्कूटर घसरली तेव्हा. पण ते वापरलं गेलं विचार न करता, कारण ते शेकडो वेळा झालेलं होतं. आणि दुसरी एक गोष्ट मिळाली. आपल्यापेक्षा वजनदार माणूस छातीवर बसला तर श्वास कसा कोंडतो आणि डोकं कसं बधिर होतं, हे माहीत झालं. ते पहिल्यांदा मॅटवर माहीत होणं बरं.

पण थांबा. 'समोरचा खरंच लढतो का' एवढ्यावर सगळं सुटत नाही. ज्युदो, बॉक्सिंग, कुस्ती यांचंही एक गृहीतक आहे: समोर एकच माणूस, हातात काही नाही, साधारण आपल्याच वजनाचा, आणि थांबवायला पंच. रस्त्यावर यातलं काहीच नक्की नसतं. चाकू असेल तर फोन आणि पर्स देऊन टाकणं आणि पळणं यासारखा डाव नाही. रिकाम्या हाताने चाकू काढून घ्यायचा डेमो बघायला मस्त वाटतो. तोच डेमो जोडीदाराच्या हातात स्केचपेन देऊन आणि "तुला हवं तसं भोसक" असं सांगून करून बघा. पांढऱ्या शर्टवरच्या रेघा मोजल्या की विषय संपतो.

आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे आपण नक्की कोणापासून संरक्षण शिकतोय? बहुतेक सगळ्या क्लासेसच्या डोक्यात अंधारी गल्ली आणि अनोळखी गुंड असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत बलात्काराच्या ९६ टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला, कामाच्या ठिकाणचा. त्याच्यावर पहिल्याच क्षणी गुडघा उगारायला हात-पाय शिकलेले असून भागत नाही. कारण अडचण अंगात नसते, मनात असते. "मी उगाच तर संशय घेत नाहीये ना? तमाशा होईल का? बाबांचे मित्र आहेत..."

याबाबतीत एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या जवळजवळ नऊशे विद्यार्थिनींवर केलेला, २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाला माहितीपत्रकं, दुसऱ्याला बारा तासांचं प्रशिक्षण, तीन-तीन तासांची चार सत्रं. वर्षभरानंतर पहिल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मं. शरीराने करायचा प्रतिकार त्या चारपैकी एकाच सत्राचा भाग होता. बाकी वेळ कशावर गेला? ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर कसा ओळखायचा, ओळखला तरी स्वतःशी तो कबूल का होत नाही, मोठ्या आवाजात 'नाही' कसं म्हणायचं, आणि आपल्याला नात्यात काय हवं-नको ते स्वतःला स्पष्ट कसं करायचं. म्हणजे छोटं प्रशिक्षण फुकट असतं असं अजिबात नाही. बारा तासांत खूप काही होऊ शकतं. फक्त ते योग्य ठिकाणी खर्च व्हावे लागतात.

(एक कंस इथेच उघडते. अशा लेखांमधून "मुलींनी सावध राहावं" एवढंच ऐकू येतं आणि अपराध करणारा नामानिराळा राहतो. जबाबदारी शंभर टक्के हल्ला करणाऱ्याची, यात वाद नाही. पण चोराचा दोष आहे म्हणून आपण दाराला कुलूप लावायचं सोडत नाही, आणि कुलूप घ्यायचंच तर चालणारं घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.)

कायद्याचाही एक शब्द सांगायला हवा, कारण क्लासमध्ये तो कोणी सांगत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मर्म तेच आहे: बचावासाठी आवश्यक तेवढंच बळ. बलात्काराचा, अपहरणाचा, ॲसिड टाकण्याचा किंवा जीव जाण्याचा धोका असेल तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. पण तो पळून जायला लागला, धोका संपला, आणि तरी तुम्ही मागे धावून बदडलंत, तर तो बचाव राहत नाही. "पडला की आणखी चार लाथा घाला" असं शिकवणारा ट्रेनर तुम्हाला हाणामारी शिकवतोय, स्वसंरक्षण नाही.

तर मग क्लास निवडताना काय बघायचं? पाटीवरचं नाव सोडून द्या. एक तास जाऊन बसा आणि एवढं बघा:

१. समोरचा विरोध करतो का? पहिल्या दिवशी नाही, पण दोन-तीन महिन्यांनी तरी? कोणाचा तरी डाव फसताना दिसतो का? ज्या क्लासमध्ये कधीच कोणाचा डाव फसत नाही तिथून निघून या.

२. वजनदार आणि हलके, पुरुष आणि स्त्रिया, एकमेकांशी सराव करतात का? आणि तो सुरक्षितपणे होतो का? दर महिन्याला कोणाचा तरी खांदा निखळत असेल तर तेही चांगलं लक्षण नाही.

३. ओरडणं, पळणं, गर्दीकडे जाणं, ११२ ला फोन करणं याचा सराव होतो की नुसता उल्लेख?

४. ओळखीच्या माणसाबद्दल कोणी बोलतं का?

५. आश्वासन काय देतात? "तुमची शक्यता वाढेल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. "कोणीही हात लावू शकणार नाही" म्हणणाऱ्यावर ठेवू नका.

या पाच प्रश्नांत एखादं कराटेचं डोजो पास होईल आणि एखादा 'टॅक्टिकल' क्लास नापास. उलटही होईल.

आणि ज्या कलांना या परीक्षेला बसायचंच नाही, त्यांचं काय? बसू नका की! मर्दानी खेळातला दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. कोल्हापुरात एखादी मुलगी दोन्ही हातांत पट्टे घेऊन फिरवते तेव्हा अंगावर काटा येतो. तिचा तोल, तिचे पाय, तिची नजर, यामागे वर्षांची मेहनत असते. पट्टा घेऊन कोणी लोकलमध्ये चढणार नाही हे तिलाही माहीत आहे. ती कला म्हणून, वारसा म्हणून, व्यायाम म्हणून पुरेशी मोठी आहे. तिला 'महिला सुरक्षे'चं लेबल लावून विकायची गरज नाही. काता करणाऱ्या काकांचंही तेच. साठीत गुडघे शाबूत आहेत, मन शांत आहे, आणखी काय हवं? आक्षेप कलेवर नाही, खोट्या पावतीवर आहे.

असो. पुढच्या आठ मार्चच्या आधी एचआरचं मेल येईलच: दोन तास, कॉन्फरन्स रूम, कपकेक. त्या मेलला उत्तर म्हणून दोनच गोष्टी विचारा. दोन तासांऐवजी दर आठवड्याला तीन असे बारा तास करता येतील का? आणि शेवटच्या सत्रात एकमेकींना खरंच घट्ट धरता येईल का? 'हो' आलं तर नाव नोंदवा. 'नाही' आलं तर कपकेक खा, फोटो काढा, मजा करा. फक्त घरी जाताना स्वतःला सांगा की आज आपण स्वसंरक्षण शिकलेलो नाही.